शेवटून दुसरं पान

साहेबांनी शेवटून दुसरं पान चिमटीत धरलं आणि ओढलं. पान हललंसुद्धा नाही. दोऱ्याची शिलाई होती ती.

"फारच घट्ट," साहेब कुरकुरले.

बाइंडरने दुसरी प्रत पुढे केली. ही गोंदाने चिकटवलेली. साहेबांनी पुन्हा तेच पान ओढलं. नुसता कोपरा हातात आला, मजकूर जागच्या जागी!

अहवाल एकच होता, ऑफिसातल्या सामानाच्या मोजदादीचा. "कोऱ्या कागदांवर बांधणी काय कळणार? खऱ्या अहवालाच्याच तीन प्रती बांधून बघू," हे हेडक्लार्क बाईंनी सुचवलेलं. मोजदादही त्यांचीच, आणि त्या पानावर त्यांनी सरळ लिहून टाकलं होतं, 'नवा एसी कार्यालयात आढळला नाही. साहेबांच्या बेडरूममध्ये चालू स्थितीत आढळला.' खाली सगळ्या स्टाफच्या सह्या. हे मुख्य कार्यालयात पोचलं असतं तर एसी राहिला बाजूला, साहेबांची खुर्चीच गेली असती. बरं, बाईंना 'ते पान काढा' म्हणायचीही सोय नव्हती. "कोणतं पान, साहेब?" असं त्यांनी सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल इतक्या जोरात विचारलं असतं.

उरली स्पायरलची प्रत.

"हिची वायर फिरवली की पान अलगद सुटतं," बाइंडर म्हणाला. "पण टिकायला शिलाईच—"

"तुम्ही जरा चहा घेऊन या."

बाइंडर गेला. साहेबांनी दार लोटलं, वायर फिरवली, पान काढलं, घडी करून खिशात घातलं आणि वायर पुन्हा बसवली. पानांवर अजून पान-क्रमांक पडायचे होते, म्हणजे कुणाला पत्ताही लागणार नव्हता. साहेबांच्या जिवात जीव आला. अशा खुशीत माणूस पुढे आलेल्या कागदावर सही करतो, वाचत बसत नाही. साहेबांनीही केली. स्पायरल पसंत, बाकीच्या दोन्ही नापसंत!

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना बोलावलं. "बाई, त्या नापसंत प्रती आणा. माझ्यासमोर फाडून टाकू."

"फाडायच्या कशा, साहेब? नापसंत नमुने वर, मुख्य कार्यालयात जमा करावे लागतात. कालच गेले, तुमच्याच सहीने."

साहेबांनी घाईघाईने फोन उचलला.

"आणि मोठ्या साहेबांचा फोन होता," बाई म्हणाल्या. "त्यांना शिलाईच पसंत पडली. पान न् पान वाचलं म्हणाले."