मुल्ट्यांची जागा

थाळीत शेवाळ आणि शेवाळावर मोजून पाच मुल्टे. दलदलीत पिकणारं हे केशरी रानफळ बोर्गहिल्डने साठ वर्षं बादल्या भरभरून आणलं होतं. असं मखरात बसवलेलं मात्र ती आज पहिल्यांदा पाहत होती.

"आजी, आजचा मान तुमचा," तोरगैर म्हणाला. ओस्लोहून येऊन त्याने फ्योर्डच्या खाडीकाठी हे रेस्टॉरंट काढलं होतं. रानात आणि समुद्रात मिळेल तेवढंच रांधायचं, असा त्याचा हट्ट. "मेन्यूकार्ड उलटून बघा ना."

बोर्गहिल्ड चष्मा शोधत होती. तोवर समोर बसलेल्या धाकट्या बहिणीने, आस्लाउगने, आपलं कार्ड उलटलं.

मागे नकाशा होता. कुठली वस्तू कुठून आणली, ते सगळं सुबक काढलेलं. चर्चमागच्या टेकडीखाली एक केशरी ठिपका, आणि शेजारी नाव: बोर्गहिल्डची दलदल. प्रत्येक टेबलावर तेच कार्ड होतं.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून बोर्गहिल्डनेच या पोराला जागा दाखवली होती. कुणाला सांगू नकोस, असं म्हणायचं तिला सुचलंही नव्हतं. या गावात मुल्ट्यांची जागा माणूस पोटच्या पोरालाही सांगत नाही. ते काय बोलून दाखवायचं?

"चर्चमागे," आस्लाउग म्हणाली. "इतक्या जवळ."

"अगं, खोटी जागा सगळेच सांगतात."

"तू मला तळ्यापलीकडे सांगितलंस, ताई. माझा नवरा गेला त्या वर्षी. दर ऑगस्टला पोरांना घेऊन जायचे मी. डास आम्हाला फोडून काढायचे. रिकामी बादली घेऊन तुझ्याच दारावरून परत यायचे."

"मग मी तुला मुरंब्याची बरणी द्यायचे की नाही?"

"द्यायचीस," आस्लाउग म्हणाली. "आणि मी वर्षभर तुझे उपकार मानायचे."

तोरगैर अजून हसतच उभा होता. म्हाताऱ्या भारावून गेल्या, असंच त्याला वाटत होतं.

आस्लाउगने एकाही फळाला हात लावला नाही. उठून कोट चढवला, बटणं लावली. मग आपली थाळी बोर्गहिल्डपुढे सरकवली.

"घे, ताई. यंदाची बरणी माझ्याकडून."