राहता पत्ता

तक्रारीच्या शेवटच्या ओळीशी सासूबाईंचा हात थांबला. ‘मी कुठे राहते ते त्याला माहीत नाही. कृपा करून कळू देऊ नका,’ असं त्या बाईने लिहिलं होतं. आणि फॉर्म त्याशिवाय पुढेच सरकत नाही म्हणून खालच्या चौकटीत तोच पत्ता, मोबाइल नंबरासकट, नीट भरून दिला होता.

ऑफिसात त्यांना सगळे सासूबाई म्हणत. खरं तर त्यांचं स्वतःचंही लग्न झालेलं नव्हतं. पण कंपनी लोकांच्या वेबसाइटना आपल्या सर्व्हरवर भाड्याने जागा द्यायची, आणि त्या भाडेकरूंपैकी कोण नियम मोडतो हे बघायचं काम यांच्याकडे. लोकांच्या घरातली खोट काढण्याचा पगार घेणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार?

आजची खोट चेष्टेवारी नेण्यासारखी नव्हती. एका भाडेकरूने आपल्याला सोडून गेलेल्या बायकोचे फोटो साइटवर टांगले होते. बंद दाराआडचे, तिला न विचारता काढलेले. खाली तिचं पूर्ण नाव. सासूबाईंनी दोन पाहिले, पुढचे त्यांना उघडवले नाहीत.

असल्या साइटला ताबडतोब टाळं लावा, असं नियमच सांगत होते. मात्र भाडेकरूला नोटीस गेल्याशिवाय टाळ्याचं बटण उघडत नसे, आणि नोटिशीबरोबर मूळ तक्रार जशीच्या तशी जाई. नाव, नंबर, राहता पत्ता, सगळं. नोटीस पाठवायची होती सासूबाईंनीच.

त्या उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

“पत्ता गाळून नोटीस पाठवता येईल?”

“नियम म्हणजे नियम,” साहेब म्हणाले. “तक्रारीतलं एक अक्षर गाळलं, तर उद्या तो आपल्यालाच कोर्टात खेचेल.”

साहेब दुष्ट नव्हते, भित्रे होते. हे नियमही त्यांनी दुसऱ्या कुठल्याशा कंपनीचे उचलले होते आणि नाव तेवढं बदललं होतं. एका ठिकाणी तेही बदलायचं राहिलं होतं.

“म्हणजे तिचं घर आपणच त्याला दाखवायचं?”

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. अडचणीत आले की ते चष्मा पुसत.

“बरं, तक्रार कोण करू शकतं, साहेब?”

“कोणीही. ज्याच्या नजरेला पडेल तो.”

“माझ्या नजरेला पडलंय.”

चष्मा पुसणारा हात थांबला. “सासूबाई, डोकं ठिकाणावर आहे ना? निदान पत्ता तरी खोटा टाका.”

“खोटी माहिती दिली तर तक्रार बाद. तुमचंच कलम आहे.”

“मग ऑफिसचा टाका.”

“राहता पत्ता लागतो,” सासूबाई म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.

जागेवर येऊन त्यांनी आधी त्या बाईला फोन लावला. “तुमची तक्रार मी रद्द करतेय.”

“तुम्हालाही माझंच चुकलंय असं वाटतं का?”

“नाही हो. रद्द केली नाही तर तुमचा पत्ता त्याच्याकडे जाईल. तक्रार दुसरं कुणीतरी करतंय.”

“दुसरं कोण करणार माझ्यासाठी?”

“ते माझ्यावर सोडा. फोटो आज उतरतील.”

मग घरी फोन. वडिलांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे घरातली गोष्ट साऱ्या ऑफिसला ऐकवूनच बोलावं लागे. “बाबा, कुणी अनोळखी माणूस आला तर दार उघडू नका.”

“कोण येणारेय?”

“एका भाडेकरूचं सामान बाहेर काढतेय.”

“आपल्याकडे कुठला आलाय भाडेकरू?”

“ऑफिसातला, बाबा.”

“मग काढ की. त्यात ओरडायचं काय? मी काठी दाराशी आणून ठेवतो.”

सासूबाईंनी नवा फॉर्म उघडला. नाव लिहिलं, नंबर लिहिला. मग आली पत्त्याची चौकट. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणा? पण मघापासून आलेला राग तिच्यापेक्षा वरचढ होता. त्यांनी पिनकोडसकट पत्ता भरला, नोटीस धाडली आणि बटण उघडताच साइटला टाळं लावलं. दुसऱ्या पडद्यावर साइट उघडून पाहिली. पान कोरं होतं.

चहा अर्धा व्हायच्या आत मोबाइल वाजला.

“कोण गं तू?” पलीकडचा आवाज म्हणाला. “तिची कोण लागतेस?”

“कोणी नाही.”

“मग मधे कशाला तडमडलीस? पत्ता आलाय माझ्याकडे तुझा. घर कळलंय मला, समजलं?”

त्याचं ओरडणं आजूबाजूच्या टेबलांपर्यंत पोचलं. साहेब चष्मा हातात घेऊन केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. सासूबाईंनी कप बाजूला सरकवला.

“नुसत्या पत्त्यावरून नाही सापडायचं,” त्या म्हणाल्या. “लिहून घ्या. दवाखान्याच्या मागची गल्ली, डाव्या हाताची जुनी इमारत, तिसरा मजला. लिफ्ट बंद असते, बेल बिघडलीय. दिवसा आलात तर नुसतं दार बडवत बसाल, बाबांना ऐकू येत नाही. सातनंतर या. मी असते.”