भरतातला ओवा

लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला ह्यांनी मला दीव बेटावरच्या जुन्या पोर्तुगीज हॉटेलात आणलं. स्पामध्ये मालिश करून घेतली, तेलकट केसांनी जेवायला बसले, तर वेटरनं न मागितलेली वाटी पुढं ठेवली. "आचाऱ्यानं पाठवलंय, साहेब. मागच्या वर्षी मॅडमनी शिकवलं, अगदी तसंच केलंय." वाटीत वांग्याचं भरीत होतं. मी तर ह्या बेटावर पहिल्यांदाच पाऊल ठेवलेलं. मागच्या वर्षी हे ट्रेनिंगला गेले, तेव्हा मी पिंप्राळ्याला घर सांभाळत होते. ह्यांनी मान खाली घातली. मी घास घेतला आणि दाताखाली ओवा आला. भरतात ओवा माझ्या माहेरी, अख्ख्या शिरपुरात फक्त माझी माय घालायची. ती गेल्यावर फक्त आम्ही दोघी बहिणी घालतो. तेवढ्यात धाकटीचा फोन आला. "अक्का, हॉटेल कसं शे?" "चांगलं शे," मी म्हटलं, "भरीतमा तुना ओवा तेवढा जास्त शे."