साखळी

न्यू ऑर्लिन्समध्ये रविवारी नाचाची जाहिरात करत बँडच्या घोडागाड्या फिरायच्या. दोन गाड्या समोरासमोर आल्या, की हरणाऱ्यानं पळू नये म्हणून लोक त्यांची चाकं साखळीनं बांधून मुकाबला लावायचे. एकदा आमच्या गाडीवर प्लासिडकाका कॉर्नेट, म्हणजे छोटी पितळी तुतारी, फुंकत होते. त्यांना हरवू शकेल असा माणूस शहरात नव्हता. समोरच्या गाडीवर गोदीतला एक नवखा हमाल कॉर्नेट घेऊन उभा राहिला. ओझी उचलताना गातात, तेच गाणं त्यानं कॉर्नेटमधून काढलं. सूर असे वाकवले, की पितळ हुंदके देऊ लागलं. गर्दी थिजली. काकांनी कॉर्नेट खाली ठेवलं. “काय काका, हवा गेली?” कुणीतरी ओरडलं. मी लाजेनं ढोल टाकून साखळी सोडायला उडी मारली. “हात लावू नकोस!” काका कडाडले. “काका, हरलोय आपण.” “ते घोड्यालाही कळलंय, गाढवा. पण साखळी सुटली तर तो हमाल निघून जाईल ना!”