अठ्ठ्याऐंशी

काचेपलीकडच्या स्क्रीनवर ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशी. हंबीररावांनी सकाळपासून शंभरदा पाहिलं, तो ढिम्म हलेना. न्यूमोनियानं बेजार झालेली त्यांची बायको चंद्राबाई व्हेंटिलेटरवर होती. आणि शेजारच्या खाटेवरचा पलूसचा म्हातारा चक्क सत्त्याण्णवावर! तासगावात पंधरा एकर द्राक्षबाग असलेल्या माणसाला हे खपणार कसं?

"डॉक्टरबाई, हवा वाढवा की मशीनची. हात आखडता कशापायी?"

"काका, त्यांचं फुप्फुस फार नाजूक झालंय. जोरानं हवा भरली तर फाटेल. अठ्ठ्याऐंशीवर निभतंय त्यांचं," डॉक्टर सई तिसऱ्यांदा सांगत होती.

कालची पोर, हिला काय कळतंय! हंबीररावांनी फोन काढला. दवाखान्याचे एक विश्वस्त त्यांचे सख्खे साडू.

"पावणं, तुमच्याच दवाखान्यात तुमची मेव्हणी मागं कशी?"

दहा मिनिटांत सईला मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. ती वाद घालत राहिली. ओळखीपुढं शिकलेलं माणूस किती टिकणार? तिनं मशीनचं बटण फिरवलं.

नव्वद. त्र्याण्णव. दुपारपर्यंत सत्त्याण्णव! हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हाताऱ्याच्या लेकाकडं तिरका डोळा टाकला.

तेवढ्यात मशीन कोकलायला लागलं. चंद्राबाईची छाती एका अंगानं फुगली, ती खाली बसेना. आकडा धडाधडा कोसळला. "फुप्फुस फाटलं! छातीत नळी घालायची, पटकन!" सई ओरडली आणि सिस्टरनं खाटेभोवतीचा पडदा ओढला.

हंबीरराव काचेला हात लावून उभे राहिले. खिशातला फोन वाजतच होता. त्यांनी सवयीनं कानाला लावला. बागेतला गडी बिराप्पा होता.

"मालक, औषध मारायला घेतोय. पंपाचं प्रेशर वाढवू का? बिगीबिगी उरकंल."

"अक्कल हाय का रं?" हंबीरराव नेहमीसारखे खेकसले. "कवळी पानं हायती. फाटून जात्याल की..."

त्यांची नजर पडद्याकडं वळली.

पडदा सरकला. सई हातमोजे काढत बाहेर आली, त्यांच्याकडं न बघता. तिच्यामागं सिस्टरनं मशीन बंद केलं.

"मालक," फोनमधून बिराप्पा विचारत होता, "मग किती ठिवू?"