बरण्यांतले दिवे

संध्याकाळी पाच वाजता मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं, “आज कोण यायचंय?”

“मुलगा आणि सून,” बाई म्हणाल्या. “आणि हे मला विचारायचं, त्यांना नाही.”

“त्यांना कशाला विचारीन? आपण कोण ते त्यांना ठाऊकच असेल.”

बाईंना हसू आलं, पण क्षणभरच. जन्मभर ज्यानं शाळेत भूगोल शिकवला, त्याला आता कोपऱ्यावरून घरी यायचा रस्ता सापडत नव्हता.

मुलगा मागच्या उन्हाळ्यानंतर आला नव्हता. फोनवर मात्र त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. बाबांचं विसरणं वाढलंय असं कानावर येतंय. अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथे जागा बोलून ठेवलीये. “तू धडधाकट आहेस म्हणून अजून थांबलोय, आई. तुला झेपत नसेल तर बाबा तिकडे आणि तू आमच्याकडे.”

“ये एकदा,” बाई म्हणाल्या होत्या. “सुनेला घेऊन ये. गच्चीवर बसू. उन्हाळ्यात तिथेच जिवाला बरं वाटतं.”

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्या मास्तरांचा हात धरून बसून होत्या.

सजावट हा बाईंचा हातखंडा. कापडाच्या मोठ्या दुकानाची शोकेस त्यांनी वर्षानुवर्षं मांडली होती. सगळे त्यांना शोकेसवाल्या बाईच म्हणत. आज घरात होतं त्यातच त्यांनी गच्ची सजवली. टेबलावर पांढरी चादर, वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्या कोपऱ्यांना खडे बांधलेले. दारापासून टेबलापर्यंत काथ्याची खरखरीत पट्टी. कठड्याच्या कडेनं कुंड्यांची रांग. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर बाटलीत पुदिन्याच्या काड्या. दारात शिंपल्यांची माळ. मास्तरांच्या बिनसाखरेच्या ग्लासाला लोकरीचा दोरा. आणि डोक्यावरच्या तारेला जॅमच्या रिकाम्या बरण्या, प्रत्येकीत एक इवलासा दिवा.

बरण्या बांधायला मास्तर शिडीवर चढले होते. बाईंनी खालून शिडी धरली होती.

“सगळ्या एका उंचीवर आहेत ना?”

“आहेत.”

“नीट बघा हो.”

“अगं, आहेत म्हटलं ना!”

मग बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवून पुन्हा एकदा पढवलं. “मी सुरई टेबलावर ठेवीन, उचलीन आणि परत ठेवीन. की तुम्ही उठायचं. आत जायचं, दाराजवळचं बटण दाबायचं. दिवे तुम्ही आपणहून लावलेत असं त्याला वाटलं पाहिजे.”

“मी काय बाळ आहे?”

“बाळाला एवढं सांगावं लागत नाही.”

सहाच्या सुमारास शिंपले वाजले.

“अय्या आई, किती गोड!” सून दारातूनच ओरडली. “आणि हे काथ्याचं कुठून सुचलं तुम्हाला? मासिकातल्या फोटोसारखं दिसतंय.”

“फरशी तापते गं. पाय भाजतात.”

मुलानं खुर्ची ओढली. “काय बाबा, ओळखलंत का?”

बाईंनी ग्लास पुढ्यात ओढले.

“तुला नाही ओळखणार तर कुणाला?” मास्तर म्हणाले. “मागच्या बाकावर झोपा काढायचास माझ्या तासाला.”

“तुमचा भूगोल ऐकून कोण जागं राहणार!”

सगळे हसले. बाईंनी ग्लासाच्या काठावर बोट टेकवून सरबत ओतलं.

“एक थेंब सांडला नाही,” सून म्हणाली. “माझ्या हातून निम्मं चादरीवर गेलं असतं.”

“हाताला सवय असते.”

मास्तरांनी शाळेच्या सहलीची गोष्ट सांगितली. थोड्या वेळानं ते तीच गोष्ट पुन्हा सुरू करणार, तोच बाईंनी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. ते थांबले. “कलिंगड घे,” ते सुनेला म्हणाले. वेळ निभावली.

मुलानं खुर्ची आईजवळ सरकवली. आवाज खाली आणला. “मला वाटलं होतं त्यापेक्षा बाबा बरेच बरे आहेत गं. आणि तू आहेसच. उद्या त्या लोकांना नको म्हणून कळवतो.”

बाईंनी मान हलवली. झाकली मूठ झाकलेलीच राहिली होती.

गप्पा लांबल्या. समोरच्या दुकानाचं शटर खडखडत खाली आलं. झाडावरच्या चिमण्या कधीच्या गप्प झाल्या होत्या, आणि पायाखालची फरशी निवली होती. बाईंनी सुरई टेबलावर ठेवली. उचलली. पुन्हा ठेवली.

मास्तर उठले. शिंपले वाजले. आत कुठेतरी बटणाचा खट् असा आवाज झाला, आणि पावलं परत आली.

“झालं?” बाईंनी हळूच विचारलं.

“झालं,” मास्तर समाधानानं म्हणाले. “आता गार वाटेल.”

बाईंनी खुर्चीला पाठ टेकली. कित्येक महिन्यांत त्या अशा टेकून बसल्या नव्हत्या.

“कसे दिसतात?” त्यांनी विचारलं.

कुणी काही बोललं नाही. हे असं होतंच. शोकेससमोर येऊन माणसं अशीच गप्प उभी राहायची.

“साध्या जॅमच्या बरण्या आहेत गं,” त्या सुनेला म्हणाल्या. “पण पांढऱ्या चादरीवर उजेड कसा सोन्यासारखा सांडलाय बघ. दुकानात मी हेच करायचे. माल साधा असला तरी चालतो, त्यावर उजेड नीट पाडता आला पाहिजे.”

सुनेचा ग्लास टेबलावर टेकला. मुलाची खुर्ची मागे सरकली.

“आई...” तो म्हणाला.

मग त्याची पावलं काथ्यावरून दाराकडे गेली, चाचपडत, मध्येच एका कुंडीला धडकून. शिंपले वाजले. दाराजवळचं बटण खट्कन दाबलं गेलं.

“आता लागले दिवे, आई,” तो तिथूनच म्हणाला.