उष्टी सुई

रंगाऱ्यानं दंडातून सुई काढली, डोळे मिटले आणि सवयीनं तीच सुई बायकोपुढे धरली.

"घे."

तिनं घेतली नाही. कमरेच्या पिशवीतून तिनं दुसरी काढली. नवीकोरी, अजून कागदातली.

भिंतीला टेकून बसलेला बारक्या, रंगाऱ्याचा मित्र, फिस्सकन हसला. "वहिनी आज सोवळ्यात!"

"कुठून आणलीस?" रंगाऱ्यानं विचारलं.

"नशा करणाऱ्यांसाठी केंद्र आहे ना, तिथल्या ताईंनी दिली. फुकट देतात. रक्तही तपासलं माझं. एचआयव्ही नाही मला. अजून तरी नाही."

"मग झालं तर! इतकी वर्षं माझ्या मागून घेतेस. काही बिघडलं?"

"नशिबानं नाही बिघडलं. रोज उठून नशीबच कशाला पणाला लावू?"

त्याचा आवाज चढला. "नवऱ्याची किळस येते होय आता? उष्टं खाल्ल्यानं प्रेम वाढतं, तूच म्हणायचीस."

"जेवणाचं म्हणायचे. रक्ताचं नाही."

बारक्याचं हसू विरलं. रंगाऱ्यानं तिच्या वाट्याची गर्दची पुडी मुठीत दाबली. "मग बस उपाशी."

ती बसली. लाँड्रीत कामावर इस्त्री ओढतानाच तिची हाडं ठणकायला लागली होती. आता घाम फुटला, नाक गळू लागलं, पोटात पीळ पडले. पुडी तिच्याच पगारातून आली होती, पण ते सुनवायलाही तोंड धड चालेना, दातांवर दात आपटत होते.

रंगारी बघत राहिला. मग जरा मऊ झाला. आपली सुई त्यानं पुन्हा पुढे केली. "हट्ट सोड गं. ही घे, पुडी लगेच देतो."

तिचा हात आपसूक उचलला गेला. दुसऱ्या हातानं तिनं तो धरला आणि मांडीखाली दाबून टाकला.

"तडफडेन," ती म्हणाली. "पण ती नाही घेणार."

"अरे, दे तिला!" बारक्या खेकसला. "जीव घेतोस का बाईचा?"

रंगाऱ्यानं मूठ उघडली.

नंतर, अंगाची थरथर थांबल्यावर, तिनं आपली सुई ताईंनीच दिलेल्या जाड डब्यात टाकून झाकण गच्च लावलं. बारक्यानं मुकाट्यानं हात पसरला. त्याला तिनं एक नवी दिली. एक नवऱ्यासमोर ठेवली. त्यानं त्या सुईला हात लावला नाही. नखातला वाळका रंग खरवडत बसला.

"त्या तुझ्या ताई... माझंही तपासतील?" रंगाऱ्यानं विचारलं.

"उद्या चल."

"आणि निघालं तर?"

"तर गोळ्या आहेत. रोज तुझ्या हातावर ठेवीन, तू कितीही कुरकुर कर. सोडून जाणार नाही." तिनं पिशवीचं तोंड आवळलं. "सुई मात्र ज्याची त्याची."